चर्चला कुलूप, मंडळी विखुरलेली : नाशिकमध्ये कुणी यातून गेलंय का?

वलदेवी

सगळ्यांना सलाम.

गेल्या वर्षी आमच्या चर्चमध्ये फूट पडली. चर्चचं नाव, पंथ, भाग यातलं काहीच मी लिहिणार नाही. ज्यांना ओळखता येईल त्यांनीही कृपा करून लिहू नये. प्रकरण धर्मादाय आयुक्तांकडे आहे आणि दोन्ही बाजूंना आमचीच माणसं आहेत. माझा सख्खा दीर एकीकडे, माझ्या मुलांना संडे स्कूलमध्ये शिकवलेल्या बाई दुसरीकडे.

झालं ते थोडक्यात सांगते. कंपाउंडमधली मोकळी जागा भाड्याने देण्याचा करार कमिटीतल्या काही जणांनी परस्पर केला. मंडळीला उशिरा कळलं. वार्षिक सभेत हिशोब मागितले, तर मागणाऱ्यांचा उल्लेख पुढच्याच रविवारी उपदेशात झाला, नाव न घेता, पण सगळ्यांना कळेल असा. मग कमिटीची निवडणूक, तिच्यावर हरकत, एकाच सकाळी दोन गटांच्या दोन उपासना, आणि वेदीसमोर माईकची ओढाताण. पोलीस आले. तेव्हापासून दाराला कुलूप आहे.

मला विचारायचंय ते त्यानंतरचं. माझ्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. रविवारी सकाळी अजूनही पांढरी साडी नेसून, गीतांचं पुस्तक आणि चष्मा पिशवीत घालून बाहेरच्या खोलीत बसतात. "कुलूप काढलं का गं?" एवढंच विचारतात. मग दहा वाजून गेले की स्वतःच आत जाऊन साडी बदलतात. धाकट्याचा दृढीकरणाचा (आपला विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करण्याच्या विधीचा) वर्ग अर्ध्यावर बंद पडला. तो सतरा वर्षांचा आहे, आणि त्याने एकदा जेवताना विचारलं, "मोठी माणसं देवासमोर अशी वागत असतील तर मी कशासाठी हो म्हणू?" मी स्वतः प्रार्थनेला डोळे मिटले की तो माईक दिसतो.

यातून गेलेलं कुणी असेल तर सांगा, पुढे काय केलंत? दुसऱ्या चर्चमध्ये गेलात का? मुलांना काय सांगितलंत? विश्वास टिकला का? "माफ करा आणि विसरा" असं मात्र कृपया लिहू नका. ते आम्हाला त्या उपदेशातही सांगितलं होतं.

---

जेलरोडकर

ताई, वाचून पोटात तुटलं. मी कॅथलिक आहे, नाशिकरोडची. तुमचं दुःख माझ्या ओळखीचं नाही, पण सासूबाईंचं पांढरी साडी नेसून बसणं डोळ्यांपुढून जात नाही.

एक सुचवते. राग मानू नका. ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी आमच्याकडे क्रुसाची वाट असते, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या चौदा टप्प्यांवर थांबत केलेली प्रार्थना, मराठीत. त्यांना घेऊन या. मिस्सालाही (रविवारच्या उपासनेला) या. कम्युनियन, म्हणजे तिथला भाकरीचा प्रसाद, तुम्हाला घेता येणार नाही, हे आधीच सांगते म्हणजे रांगेत अवघडल्यासारखं होणार नाही. पण बाकावर बसायला, गायला, गुडघे टेकायला कुणी अडवत नाही. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला तर कुठून कुठून माणसं येतात, ख्रिस्ती नसलेलीही. नवस बोलतात, मेणबत्ती लावतात, परत जातात. आमच्या दारात "तुम्ही कुठल्या चर्चचे" हा पहिला प्रश्न नसतो.

तुम्ही प्रॉटेस्टंट आहात, मरियेपुढच्या प्रार्थनांना तुमच्या सासूबाई कचरतील हेही समजते. त्या वेळी नुसतं बसून राहायचं. माझी एक शेजारीण तसंच करते.

---

जुना_शरणपूरकर

वलदेवीताई, सलाम. माझं वय आता पंच्याहत्तर. मी काही सांगतो, पण उपदेश म्हणून घेऊ नका.

बायबलातल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट तुम्हाला पाठ असेल. कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम झाल्यावर ईजबेल राणीच्या धमकीने तो रानात पळाला, झुडपाखाली पडला आणि म्हणाला, पुरे झालं, माझा जीव घे. देवदूताने त्याला काय सांगितलं? ऊठ, खा. निखाऱ्यांवर भाजलेली भाकरी आणि पाण्याचा चंबू. तो खाऊन पुन्हा झोपला, तरी दूत रागावला नाही, पुन्हा उठवून पुन्हा खायला घातलं. प्रश्न विचारणं पुढे, होरेब डोंगराला पोचल्यावर. तुमच्या घराला आत्ता भाकरीची आणि झोपेची गरज आहे. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर या महिन्यातच द्यायला हवं असं नाही.

दुसरं, मी ज्या मातीत वाढलो तिच्याबद्दल. शरणपूरची वसाहत १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या रेव्हरंड विल्यम प्राइस यांनी उभी केली हे नाशिककरांना साधारण माहीत असतं. तिथे कोण राहत होतं हे फार थोड्यांना माहीत. ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे आणली जात. आईबाप नाहीत, गाव नाही, आपली भाषा बोलणारं कुणी असलं तर नशीब. ती इथे सुतारकाम, लोहारकाम शिकली, इथल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांबरोबर एका छपराखाली उपासनेला बसली. त्यातलाच जेकब वेनराइट. १८७३ साली मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारले, तेव्हा तिथल्या दफनाच्या वेळी पवित्र शास्त्रातून वाचणारा तोच, आणि त्यांचं शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांतही तो होता. पुढच्या वर्षी लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीला हा नाशकात शिकलेला मुलगा हजर होता.

पुढे प्राइससाहेब पूर्व आफ्रिकेत मोंबासाजवळ गेले, १८७५च्या सुमारास तिथे फ्रीअरटाऊन वसलं आणि इथली बरीचशी आफ्रिकन मंडळी तिकडे गेली. म्हणजे शरणपूरची मंडळी एकदा जवळजवळ रिकामी झालेली आहे. मागे राहिलेल्यांनी उपासना बंद केली नाही. माझे आजोबा सांगायचे, कधी कधी बाकांपेक्षा माणसं कमी असत.

तुमचं चर्च भांडणाने रिकामं झालं, ते निराळं आणि जास्त वाईट, हे मला कळतं. पण रिकाम्या बाकांची भीती बाळगू नका.

---

अंबड_लिंकरोड

मी वेगळं लिहितोय. मीही असंच भांडण पाहिलंय, दुसऱ्या शहरात, पंधरा-सोळाव्या वर्षी. त्यानंतर चर्च सोडलं ते सोडलंच. आज मी स्वतःला ख्रिस्ती म्हणत नाही.

ताई, तुमच्या मुलाबद्दल एकच सांगतो. त्याला कुणी "तू माणसांकडे बघू नकोस, येशूकडे बघ" असं म्हणू देऊ नका. मला प्रत्येकाने तेच सांगितलं होतं. तेव्हा मला ते असं ऐकू आलं की माणसांनी जे केलं त्याबद्दल बोलायचं नाही. एकाही मोठ्या माणसाने मला "हे चुकीचं झालं" असं सरळ म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी थांबलो असतो की नाही, माहीत नाही. पण तुमच्या मुलाला ते ऐकायला मिळायला हवं.

---

वलदेवी

@अंबड_लिंकरोड, दादा, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. काल रात्री मी त्याला ते सांगितलं. जसं तुम्ही लिहिलंय तसंच : जे झालं ते चुकीचं होतं, त्याला दुसरं नाव नाही, आणि तुझा काका त्यात होता तरी चुकीचंच होतं. तो काही बोलला नाही. पण नंतर स्वतःचं ताट घासून ठेवलं, जे तो कधीच करत नाही.

@जुना_शरणपूरकर काका, भाकरीचं वाचून सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. जेलरोडकरताई, शुक्रवारी येतो आम्ही.

---

पांडवलेणी

मी धर्मादायच्या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून कायद्याचं तेवढं सांगतो. कुणाची बाजू घेत नाही.

बहुतेक चर्चच्या मालमत्ता सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेत नोंदलेल्या असतात, म्हणजे १९५०चा महाराष्ट्राचा कायदा लागू. त्यात कलम ३६ आहे. ट्रस्टची स्थावर मिळकत विकायची, बक्षीस द्यायची किंवा अदलाबदल करायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. भाडेपट्टाही शेतजमिनीचा १० वर्षांपेक्षा जास्त किंवा बिगरशेती जमिनीचा, इमारतीचा ३ वर्षांपेक्षा जास्त असेल तर परवानगीशिवाय चालत नाही. तुमचा करार किती मुदतीचा आहे, पहिल्यांदा ते पाहा. "अकरा महिन्यांचाच आहे" म्हणून सांगतात आणि आत नूतनीकरणाची अट असते, असंही होतं.

कमिटी बदलली की कलम २२ खाली बदल अर्ज ९० दिवसांत द्यायचा असतो. दोन कमिट्या म्हणजे दोन बदल अर्ज आणि एकमेकांवर हरकती. ते लांबतं. विश्वस्तांच्या गैरकारभाराबद्दल हितसंबंध असलेल्या व्यक्तीला कलम ४१ड खाली अर्ज करता येतो. मंडळीचा सभासद ही हितसंबंध असलेली व्यक्ती. लेखापरीक्षण अहवाल दाखल झालेत का, ते अर्ज करून बघा, नकला काढा.

एक गोष्ट अनुभवाची. ज्यांची केस चालू आहे त्यांचं घर केसमध्येच राहायला लागतं. तारखेच्या आदल्या रात्री झोप नाही, तारखेनंतर आठवडाभर त्याचीच चर्चा. हिशोब मागायचे तर एक-दोन माणसं नेमा, त्यांच्याकडे कागद सोपवा. बाकीच्यांनी रोज त्यात हात घालू नका.

---

सातपूर_रात्रपाळी

धागा वाचून हात राहवेना. चर्च सोडून फेलोशिपमध्ये (पास्टरभोवती जमणाऱ्या स्वतंत्र प्रार्थनागटात) जायचा विचार कुणी करत असेल तर जरा ऐका.

आमचं चर्च तुटलं तेव्हा एका कंपनीतल्या मित्राने मला एका फेलोशिपमध्ये नेलं. भाड्याचा हॉल, मोठा स्पीकर, लोक रडतायत, हात वर. मला तेव्हा तेच हवं होतं. पहिले काही महिने खरंच बरं वाटलं, ते खोटं म्हणणार नाही. मग हळूहळू सुरू झालं. दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) दिला का, पगाराची स्लिप दाखवा. बहिणीचं लग्न कुठे ठरवताय, आधी पास्टरना विचारा. बायकोला ताप आला तर डॉक्टरकडे जाण्याआधी प्रार्थनेला का नाही आणली. एकदा रात्रपाळीमुळे रविवारी चुकलो तर सगळ्यांसमोर उभं केलं.

सगळ्या फेलोशिप अशा नसतात. मी आज ज्या छोट्या ग्रुपमध्ये आहे तोही चर्चच्या इमारतीशिवायचाच आहे. पण आता कुठेही गेलो की पहिल्यांदा एवढंच बघतो : पैशाचा हिशोब भिंतीवर लागतो का, आणि पास्टरला "नाही" म्हटलेलं माणूस तिथे अजून टिकून आहे का. जखमी माणूस जो पहिला हात देईल त्याच्या मागे जातो. म्हणून सांगतोय.

---

घंटेची_दोरी

मी पाळकांची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंची, बायको आहे. नाशिकमध्ये नाही, पण नाशिक जिल्ह्यात आम्ही राहिलोय. कुणी ओळखू नये म्हणून एवढंच.

चर्चमध्ये भांडण लागलं की पाळकाच्या घरातलं कुणी विचारत नाही. आम्ही कंपाउंडमधल्याच घरात राहायचो. सकाळी दूध आणायला निघालं तरी कोण सलाम करतं, कोण मान फिरवतं, ते मोजायची सवय लागली. माझ्या मुलीला शाळेत दुसऱ्या बाजूच्या मुलीने सांगितलं की तुझे पप्पा चोर आहेत. ते चोर नव्हते. पण कमिटीतल्या ज्यांनी त्यांच्या नावाने सह्या घेतल्या, त्यांच्यापुढे ते गप्प राहिले. त्यांच्या गप्प राहण्याने कितीतरी लोकांचं नुकसान झालं. हे मी त्यांना सांगितलंय आणि इथेही लिहितेय.

वलदेवीताई, उपदेशातून मंडळीच्या माणसांना बोलणं हे पाळकाचं काम नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात क्रम दिलाय, आधी एकट्याने भेट, मग दोघा-तिघांना घेऊन, आणि शेवटी मंडळीपुढे. व्यासपीठावरून सुरुवात करणाऱ्याने तो क्रम उलटा केला.

आणि हिशोब मागणाऱ्यांना अविश्वासू ठरवतात त्यांना मी एक दाखवेन. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात पहिल्याच मंडळीत तक्रार झाली, ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय म्हणून. प्रेषितांनी कुणाला गप्प बसवलं नाही. चांगल्या नावाची सात माणसं निवडायला लावली आणि वाटप त्यांच्या हाती दिलं. पौलानेही यरुशलेमसाठी वर्गणी नेताना सोबत इतर मंडळ्यांनी नेमलेली माणसं घेतली, कुणी बोट दाखवू नये म्हणून, आणि तसं स्पष्ट लिहून ठेवलं. हिशोब हा आत्मिक विषय नाही असं जो म्हणतो त्याने एवढी दोन पानं वाचावीत.

---

वलदेवी

@घंटेची_दोरी ताई, तुम्ही लिहिलंत तेव्हा मी ऑफिसमध्ये होते. वॉशरूममध्ये जाऊन रडले. पाळकांच्या बायकोकडून हे ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. तुमच्या मुलीसाठी आमच्या घरी नाव न घेता प्रार्थना होते आता.

@पांडवलेणी दादा, तुमचं ऐकलं. मंडळीतल्या दोघांना कागदपत्रांचं काम दिलंय. एक निवृत्त बँक कर्मचारी, एक शिक्षिका. बाकीच्यांनी महिन्यातून एकदाच त्याबद्दल बोलायचं, ठरलेल्या दिवशी.

आता काय झालं ते सांगते. इंदिरानगरला एका घरी गुरुवारी संध्याकाळी जमायला सुरुवात केलीय. पहिल्या दिवशी पाच जण होतो. सतरंजी, एक ट्यूबलाइट, टेबलावर पवित्र शास्त्र आणि स्टीलच्या ग्लासात शेवंतीची चार फुलं. पेटी कुलपाआड चर्चमध्ये अडकलेली, तबला तर त्या दिवशी फुटलाच होता. काय म्हणायचं, कोण सुरू करणार, कुणालाच सुचेना. शेवटी सासूबाईंनीच ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एक भजन धरलं, पेटीशिवाय, मांडीवर हाताने ठेका. त्यांचा आवाज कापत होता, पण चाल चुकली नाही. दुसऱ्या कडव्याला आम्ही सगळे त्यात होतो. धाकटा दाराशी उभा होता, आत आला नाही, पण गेलाही नाही.

भजनानंतर कुणीतरी लांब प्रार्थना सुरू केली आणि त्यात "त्या लोकांना" सद्बुद्धी दे वगैरे यायला लागलं. घराच्या मालकिणीने मध्येच हळूच "आमेन" म्हटलं आणि सगळ्यांनी म्हटलं. ती प्रार्थना तिथेच संपली. तिचं हे मला फार पटलं. तेव्हापासून तो अलिखित नियमच झालाय, गुरुवारी केस नाही, कमिटी नाही, दुसऱ्या बाजूवर बोलणं नाही. अर्पणही घेत नाही. चहाचा खर्च ज्याच्या घरी त्याचा.

एक गोष्ट मला ठाम वाटायला लागलीय. कुलूप निघेल तेव्हा निघेल, निकाल लागेल तेव्हा लागेल, पण तोपर्यंत भक्ती थांबवून ठेवायची नाही, आणि ती घरात एकटीने करायची नाही. एकटीने मला जमतच नव्हती. दुसऱ्याच्या तोंडून प्रभूची प्रार्थना ऐकू आली की माझीही निघते.

---

जुना_शरणपूरकर

फार बरं वाटलं. टिळकांवरून आठवलं म्हणून लिहितो. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. त्यानंतर चार-पाच वर्षं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. त्या आपल्या इथल्याच, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. पुढे त्यांनी आपल्या मनाने, आपल्या वेळेने बाप्तिस्मा घेतला, १९०० साली. आणि टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची मंडळी सुरू केली, बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सगळ्यांसाठी. संस्थेतून बाहेर पडले, ख्रिस्तातून नाही. दोन वर्षांत ते गेले, पण त्यांची भजनं आपल्या तोंडी आहेतच. तुमच्या धाकट्याला दाराशी उभं राहू द्या. लक्ष्मीबाईंनाही वेळ लागला होता.

---

गंगापूररोड_९१

मी मध्येच एक अडचण विचारते. आमच्याही चर्चमध्ये दोन गट झालेत. माझ्या भाचीचं लग्न डिसेंबरात आहे. एका गटाने बाहेरून एक पास्टर आणलेत, ते म्हणतात आम्ही लावतो. बाप्तिस्म्याचं रजिस्टर दुसऱ्या गटाकडे. काय करावं?

---

पांडवलेणी

ताई, इथे भावनेने जाऊ नका. १८७२चा ख्रिस्ती विवाह कायदा आहे. त्यात लग्न लावण्याचा अधिकार कुणाला ते ठरलेलं आहे : रीतसर दीक्षा मिळालेले त्या त्या पंथाचे धर्मोपदेशक, किंवा सरकारचं लायसन्स असलेले. अधिकार नसलेल्याने लग्न लावणं हा गुन्हा आहे आणि उद्या पासपोर्ट, वारसा, कुठेही त्या प्रमाणपत्रावर प्रश्न येऊ शकतो. त्यामुळे बाहेरून आलेल्या पास्टरना सरळ विचारा, तुमचा अधिकार कशावर, कागद दाखवा. खरे असतील तर रागावणार नाहीत.

नाहीच जमलं तर १९५४च्या विशेष विवाह कायद्याने विवाह अधिकाऱ्याकडे लग्न करा. ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, म्हणजे आत्ताच हालचाल करा. आशीर्वादाची उपासना नंतर हव्या त्या ठिकाणी, हव्या त्या माणसांसोबत करता येते. बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

---

गंगापूररोड_९१

खूप खूप धन्यवाद. घरी सगळे रजिस्टरसाठी पुन्हा भांडायला निघाले होते.

---

जेलरोडकर

वलदेवीताईंच्या सासूबाई आल्या होत्या हो शुक्रवारी! क्रुसाच्या वाटेच्या चौदाही स्थानकांना उभ्या राहिल्या, मी खुर्ची पुढे केली तर नको म्हणाल्या. बाहेर पडताना आमच्या फादरना म्हणाल्या, "तुमच्याकडे गुडघे फार टेकायला लावतात." फादर खूप हसले आणि त्यांना गेटपर्यंत हात धरून सोडायला आले.

---

सातपूर_रात्रपाळी

एक राहिलं लिहायचं. आमच्या ग्रुपमधल्या एका काकूंना चर्च फुटल्यापासून झोप येत नव्हती, खाणं सुटलं, कुणाशी बोलेनात. आम्ही प्रार्थना करत राहिलो आणि त्यांच्या मुलाने त्यांना डॉक्टरकडेही नेलं. डिप्रेशन निघालं. औषध सुरू आहे, आता त्या येतात, कमी बोलतात पण येतात. ज्यांना लगेच डॉक्टर जमत नाही त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. विश्वास कमी पडला म्हणून असं होतं हे कुणीही कुणाला सांगू नये, ही कळकळीची विनंती.

---

वलदेवी

@सातपूर_रात्रपाळी दादा, शंभर टक्के.

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. गुरुवारच्या सभेला आता इतकी माणसं येतात की एका घरात मावत नाहीत. आळीपाळीने सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा असं फिरतो. मधल्या काळात आमच्या मंडळीतले एक वयस्क काका वारले, चर्चची घंटा आयुष्यभर त्यांनीच वाजवलेली. दफनाच्या वेळी दोन्ही बाजूंची माणसं कब्रस्तानात आली. पाळकसाहेब कोणते बोलवायचे यावरून घरच्यांना फोनवर फोन. शेवटी मुलीने सांगितलं, दोघांनीही येऊ नका, आणि शहरातल्या दुसऱ्याच चर्चच्या पाळकांना बोलावलं. खड्ड्यापाशी गाताना माझा दीर माझ्यापासून दोन हातांवर होता. गाणं सगळ्यांना पाठ होतं, एकत्रच गायलं गेलं. आम्ही नंतर बोललो नाही. समेट झाला असं मी म्हणणार नाही, कारण तो झालेला नाही, आणि हिशोब अजूनही आलेले नाहीत. पण माती टाकताना त्याने आधी सासूबाईंचा हात धरून त्यांना पुढे नेलं, मग स्वतः टाकली.

धाकट्याचं : दृढीकरणाबद्दल त्याचं अजून "नाही" आहे. मी विचारत नाही. गुरुवारी तो लहान मुलांना दुसऱ्या खोलीत घेऊन बसतो, गोष्टी सांगतो. परवा दावीद आणि शौलाची सांगत होता. शौल राजा होता, देवाने निवडलेला होता, तरी चुकीचं वागला, आणि दावीद त्याच्यापासून पळाला तरी देवापासून नाही पळाला, असं त्याने सांगितलं. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. कुणी शिकवलेलं नव्हतं त्याला हे.

---

नवीन_सभासद_सिन्नर

नमस्कार. मी आजच खातं उघडलं. वाचत मात्र सुरुवातीपासून होते. कामासाठी सिन्नरहून नाशिकला रोज येते. आमचं चर्च असंच बंद आहे आणि माझ्या घरी आता कुणीच प्रार्थना करत नाही. मी गुरुवारी येऊ शकते का? मला गाता येत नाही आणि मी कुणाला ओळखत नाही.

---

वलदेवी

नक्की या. पत्ता मी इथे लिहिणार नाही, मला व्यक्तिगत निरोप पाठवा. या गुरुवारी पाथर्डी फाट्याजवळच्या घरी आहे, साडेसहाला. परतीच्या शेवटच्या बसची वेळ निरोपात लिहा, तुम्हाला ती मिळेल अशा बेताने आम्ही आवरतो. उशीर झालाच तर आमच्यातल्या एका ताईंची गाडी आहे, त्या स्टँडवर सोडतील. ओळख विचारणार नाही कुणी, कुठल्या बाजूच्या तेही नाही. पुस्तक नसेल तर सासूबाईंच्या शेजारी बसा, त्यांच्या पुस्तकाची अक्षरं मोठी आहेत. चहा असतो, आणि या वेळी जेलरोडकरताई शिरा आणणार आहेत.

---

जेलरोडकर

आणणार म्हणजे आणणार. माणसं किती होतील तेवढं बुधवारपर्यंत कळवा.